स्वबळावर लांब पल्ल्याचा ट्रेक : निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

वाटेत गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि असे सात-आठ दिवस पाठीवरच्या सामानावर काढायचे. अशा ट्रेकची तयारी करणारे लोक बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे चूक महागात पडते.

‘स्वबळावर’ म्हणजे एकट्याने का?

नाही. चौघं मिळून गेलात तरी तो ट्रेक स्वबळावरचाच. सामान वाहायला, रांधायला, वाट दाखवायला आणि अडचणीतून सोडवायला बाहेरचं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटची गोष्ट लोक विसरतात. सामान सगळे मोजून घेतात, पण ‘काही झालं तर मदत येईपर्यंत दोन दिवस लागतील’ हे गणितात धरत नाहीत. माझ्या मते तयारीचं मूळ तिथेच आहे. अन्न, उजेड, ऊब आणि अंगातली ताकद यांतलं काहीही कधी तळाला जाऊ द्यायचं नाही, थोडी शिल्लक कायम ठेवायची. पुढची बहुतेक उत्तरं याच शिल्लकीभोवती फिरतात.

वाट किती लांब आहे यावरून ती किती अवघड ते ठरतं का?

लांबीपेक्षा रस्ते-वस्तीपासूनचं तुटलेपण महत्त्वाचं. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल सुमारे ३५०० किलोमीटरची आहे, पण ती वारंवार रस्त्यांना छेदून जाते. चार-पाच दिवसांत शिधा भरता येतो, दुखापत झाली तर बाहेरही पडता येतं. त्याच वाटेच्या उत्तर टोकाला, मेन राज्यात, सुमारे १६० किलोमीटरचा जंगली टप्पा आहे. त्याच्या तोंडाशी किमान दहा दिवसांचा शिधा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका अशी पाटी लावलेली आहे. ग्रीनलंडमधली आर्क्टिक सर्कल ट्रेलही साधारण तेवढीच, पण एका टोकाचं कंगरलुसुआक गाव सोडल्यावर थेट दुसऱ्या टोकाच्या सिसिमियुतपर्यंत मध्ये एकही वस्ती नाही. तुमची वाट निवडताना नकाशावर प्रत्येक मुक्कामापुढे एक आकडा लिहा : इथून सगळ्यात जवळचा रस्ता किंवा वस्ती किती तासांवर आहे? तो आकडा पाहिला की वाटेची खरी ओळख होते.

मी डोंगर चढलेला आहे, पण कधी दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. लगेच आठ दिवसांना हात घालू का?

मध्ये एक पायरी ठेवा. सगळं सामान स्वतः वाहून, तंबूत राहून, स्वतः रांधून तीन दिवस काढा, आणि शक्य असेल तर त्यातला एक दिवस मुद्दाम पावसाळी हवेचा निवडा. ओल्या हातांनी तंबू उभारणं, वाऱ्यात स्टोव्ह पेटवणं, रात्री अंधारात मोजे शोधणं हे वाचून येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग कसं बोलतं तेही तेव्हाच कळतं. पहिल्या दोन दिवसांचा थकवा तिसऱ्या दिवशी वर येतो आणि बहुतेकांची पहिली खरी परीक्षा तिथे होते.

शरीराची तयारी कशी करावी?

तीन ते चार महिने आधी सुरुवात करा. धावण्याने दम वाढतो, पण सॅक घेऊन उतरताना गुडघे आणि मांड्या जे सोसतात त्याची सवय फक्त सॅक घेऊन उतरल्यानेच होते. आठवड्यातून तीन-चार दिवस चालणं किंवा जिने, आणि एक दिवस लांब चाल. सॅकमध्ये आधी पाच किलो, मग दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत प्रत्यक्ष वजनापर्यंत जायचं. पाण्याच्या बाटल्या भरून चढा. सुरुवातीला गुडघ्यांवर ताण नको असेल तर वर गेल्यावर पाणी ओतून उतरा. शेवटच्या महिन्यात मात्र तसं करू नका, भरल्या सॅकनेच उतरा. सलग दोन दिवस लांब चाल झाली पाहिजे, कारण दमलेल्या पायांनी पुन्हा निघणं ही वेगळीच सवय आहे. निघण्याआधीचा आठवडा हलका ठेवा.

रोज किती किलोमीटर धरावेत?

किलोमीटर धरू नका, तास धरा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा दिवसाची चाल १८ किलोमीटर आणि चढाई ९०० मीटर आहे. अंतराचे साडेतीन तासांहून थोडे जास्त, चढाईचे दीड, म्हणजे जवळपास पाच तास. पण हा हिशेब हलक्या ओझ्याने, चांगल्या वाटेवर, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. आठ दिवसांचं ओझं, खाणंपिणं, नकाशा बघणं, ओढे ओलांडणं धरून मी त्याला दीडने गुणते. म्हणजे साडेसात तास. सकाळी सातला निघालात तर अडीच-तीनला मुक्काम, आणि अंधाराआधी बऱ्यापैकी वेळ हातात. हा वेळ वाया जात नाही. वाट चुकली, पाय मुरगळला, पाऊस आला, तर तोच उपयोगी येतो.

पहिले दोन दिवस मुद्दाम छोटे ठेवा. तेव्हा सॅक सगळ्यात जड असते आणि पाय सगळ्यात कच्चे. दर पाच-सहा दिवसांमागे एक दिवस कोरा सोडा, हवामानासाठी म्हणा किंवा विश्रांतीसाठी.

सॅकचं वजन किती असावं?

शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं तर चालण्यात मजा उरते. चौथ्या हिश्श्यापुढे गेलं की नुसतं ओझं वाहणं होतं. अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरणारं वजन आधी वेगळं मोजा. ते दहा किलोच्या आत आणणं बहुतेकांना जमतं. खरी बचत सॅक, तंबू आणि झोपण्याचं सामान या तीन गोष्टींत होते. दात घासायच्या ब्रशची दांडी कापून काही ग्रॅम वाचवायचे आणि तीन जादा टीशर्ट घ्यायचे, असं होऊ देऊ नका.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि प्रत्येक वस्तूचं वजन कागदावर लिहा. मागच्या ट्रेकहून आल्यावर न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढा. त्यातल्या प्रथमोपचार, पावसाचे कपडे आणि जादा उबदार थर या परत सॅकमध्ये जातात, बाकीच्या घरी राहतात.

बूट घोट्यापर्यंतचे घ्यावेत की साधे ट्रेल शूज?

बूट पायाला बसला पाहिजे, बाकी चर्चा नंतरची. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाचएक किलोंइतकी शक्ती खातं, म्हणून चांगल्या मळलेल्या वाटेवर हलके शूज बरे. दगडगोटे, बर्फ, जड ओझं किंवा कमकुवत घोटे असतील तर उंच बूट. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा. उतारावर अंगठा पुढे आपटता कामा नये. निघण्याआधी त्यांत किमान ऐंशी-शंभर किलोमीटर चाललेलं असावं.

फोडांबद्दल एकच सांगते : टाचेला चटका जाणवला की त्याच क्षणी थांबा. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हणालात तर फोड आलाच समजा. मोजा काढून कोरडा करा, टेप लावा, वाळू झटका. पाच मिनिटांचं काम आहे.

कपडे किती जोड?

चालायचा एक, झोपायचा एक. झोपायचा जोड काहीही झालं तरी कोरडाच राहिला पाहिजे, त्याला वेगळ्या जलरोधक पिशवीत बांधा. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगात घालणं जिवावर येतं, पण कोरडा जोड वाचवायचा तर तेच करावं लागतं. सुती कपडे नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर उबदार थर, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वारा असेल तर गारठा त्याहून जास्त लागतो. टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही घ्या.

स्लीपिंग बॅगवर तीन-तीन तापमानं लिहिलेली असतात. कोणतं खरं?

‘कम्फर्ट’ धरा. ‘लिमिट’ला अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढंच, त्यावर बेत आखायचा नाही. पण बॅग कितीही चांगली असली तरी खाली मॅट पातळ असेल तर थंडी वाजणारच, कारण अंगाखाली दाबलेला भराव ऊब देत नाही. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते. उन्हाळ्याच्या रात्रींना दोनच्या आसपास चालते, पारा शून्याजवळ जाणार असेल तर चारच्या पुढे हवी, बर्फावर पाच-सहा. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण भिजली की निकामी. ती जलरोधक पिशवीतच ठेवा.

आठ दिवसांचं खाणं किती घ्यायचं?

माणशी दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम कोरडं अन्न. मधला आकडा ७०० धरला तर आठ दिवसांचे ५.६ किलो, आणि एक दिवस जादा धरून ६.३ किलो. तो जादा दिवस ऐच्छिक नाही.

वजन तेवढंच ठेवून ताकद वाढवायची तर स्निग्ध पदार्थ वाढवा. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ किलोकॅलरी असतात, कर्बोदकांत आणि प्रथिनांत ४. शेंगदाणे, बदाम, चीज, दुधाची पावडर आणि तेलाची छोटी घट्ट बाटली यांनी सॅक न फुगता पोट भरतं. सरासरी ग्रॅममागे साडेचार किलोकॅलरी साधल्या तर ७०० ग्रॅमांत तीन हजारांच्या वर जाता. जड ओझ्याने दिवसभर चढणाऱ्याला याहून जास्त लागतं. आठ दिवस ती तूट अंगावरची चरबी भरून काढते, पण तीन-चार आठवड्यांच्या वाटेवर मात्र शिधा वाढवावाच लागतो.

प्रत्येक दिवसाचं अन्न वेगळ्या पिशवीत भरा आणि वर दिवसाचा क्रमांक लिहा. एकाच मोठ्या पिशवीतून खाल्लं की पहिले तीन दिवस चंगळ होते आणि शेवटचे दोन दिवस मोजून घास. जे घरी आवडत नाही ते रानातही आवडणार नाही. दमल्यावर गोडाचा वीट येतो, म्हणून खारं-तिखटही हवं. चालताना दर दीड तासाने थोडं खा, भूक लागेपर्यंत थांबू नका.

स्टोव्ह कोणता?

बहुतेकांना गॅसच्या छोट्या कॅनिस्टरचा. थंडीत मात्र त्याचा दाब पडतो. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप व्हायचंच थांबवतो, म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण बघा आणि रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत घ्या. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलजन्य द्रव इंधनाचा स्टोव्ह बरा. विमानात गॅस नेता येत नाही, तेव्हा तो पोहोचल्यावर मिळेल का ते आधीच विचारा. बंद तंबूत स्टोव्ह कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

वाटेत ओढे आहेत. पाणी थेट प्यायलं तर?

पिऊ नका, कितीही नितळ असो. वर कुठे जनावर मेलेलं असेल ते इथून दिसत नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय उकळण्याचा : खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण विषाणू त्यातून जातात. वस्तीखालचं पाणी असेल तर गाळल्यावर गोळीही टाका. क्लोरीन किंवा आयोडीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइड त्यावर चालतं, पण थंड पाण्यात चार तास लागतात. एक गोष्ट पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि कुणी वाचत नाही : एकदा वापरलेला फिल्टर गोठला की त्याचे तंतू फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पहिल्याच थंडीच्या ट्रेकला मी माझा फिल्टर तंबूबाहेर सॅकच्या कप्प्यात ठेवला होता. सकाळी तो दगडासारखा झाला होता. उरलेले दिवस पाणी उकळून काढले आणि इंधन काठावर आलं. आता तो रात्री खिशात असतो.

एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे ‘असू दे’ म्हणून चार लिटर वाहू नका. नकाशावर पाण्याच्या जागांवर खुणा करा, त्यातल्या कोणत्या हंगामी आहेत ते तिकडून नुकत्याच आलेल्यांना विचारा आणि पुढच्या खात्रीच्या जागेपर्यंत पुरेल इतकं अधिक अर्धा लिटर घ्या. घाम खूप गेला तर नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, बरोबर मीठ जायला हवं.

मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेतलाय. कागदी कशाला?

मोबाइल पडतो, भिजतो, थंडीत बॅटरी एकदम बसते. पण मुख्य कारण वेगळं आहे. छोट्या पडद्यावर तुम्ही कुठे आहात ते कळतं, पण आजूबाजूला काय आहे ते कळत नाही. उजवीकडच्या खोऱ्यातून बाहेर पडायला वाट आहे का, हे पसरलेल्या कागदावरच दिसतं. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. उंचीच्या रेषा दाट असतील तिथे चढ उभा, विरळ असतील तिथे सौम्य. होकायंत्राची उत्तर दिशा आणि नकाशाची उत्तर दिशा यांत फरक असतो. तो जागेनुसार बदलतो आणि नकाशाच्या कडेला लिहिलेला असतो. घराजवळच्या ओळखीच्या डोंगरावर हा सराव करा, धुक्यात नव्हे.

मोबाइल विमान मोडवर ठेवला की बरेच दिवस पुरतो. पॉवर बँक रात्री उबेत ठेवा.

वाट चुकलो असं वाटलं तर?

थांबा. बसा. पाणी प्या. चुकल्यावर माणूस वेग वाढवतो, आणि तिथून खरी अडचण सुरू होते. शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिला किती वेळ झाला ते आठवा. वीस मिनिटं झाली असतील तर मागे जा. ‘ओढ्याकाठाने उतरलो की कुठेतरी निघूच’ हा मोह टाळा, ओढे कड्यावरून कोसळतात. अंधार पडत असेल तर जिथे आहात तिथेच अंगावर सगळे थर चढवून रात्र काढा.

नदी ओलांडायची भीती वाटते.

ती भीती योग्य आहे. रानातल्या वाटांवर वन्य प्राण्यांपेक्षा पाणी जास्त धोक्याचं.

आधी ओलांडायची जागा शोधा, त्यासाठी अर्धा तास गेला तरी चालेल. वाट जिथे पाण्यात उतरते तीच जागा चांगली असेल असं नाही. पात्र रुंद होऊन पाणी फाट्यांत विभागलेलं असतं तिथे ते उथळ असतं, अरुंद जागी खोल आणि जोराचं. खालच्या बाजूला काय आहे ते बघा : धबधबा, पडलेली झाडं, मोठे दगड असतील तर तिथून नको. पाण्याखाली दगड गडगडताना ऐकू येत असतील तर विचारच सोडा. जोराचं पाणी गुडघ्यांवर असेल तर अनुभव नसलेल्याने उतरू नये.

उतरायचं ठरलं तर बूट घालूनच. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय हलवत बाजूबाजूने सरका. वाहून जायला लागलात तर पाठीवर या, पाय खालच्या दिशेला ठेवा, आणि पाण्यात उभं राहण्याची घाई करू नका, कारण पाय दगडात अडकतो. बर्फ वितळून येणारी नदी पहाटे सगळ्यात कमी असते आणि दुपारनंतर चढते. संध्याकाळी अशक्य दिसलेली नदी सकाळी पिंढरीभर असू शकते. मुक्काम अलीकडे करायला तो कोरा दिवस असतोच.

विजा कडाडल्या तर?

चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी वेळ असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. डोंगरधारेवरून, माथ्यावरून, एकट्या झाडाखालून हटा, एकमेकांत अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. दुपारनंतर ढग चढणाऱ्या प्रदेशात खिंड सकाळीच पार करायची.

वाट उंचावर जाते. काय बघायचं?

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहा. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा असेल तर आणखी चढायचं नाही. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप ही जिवावरची लक्षणं आहेत. तशी दिसली की लगेच, रात्र असली तरी, खाली. सकाळची वाट बघू नका. तंदुरुस्त माणसाला हा त्रास होत नाही हा समज चुकीचा आहे.

एकट्याने जावं का?

पहिला लांब ट्रेक तरी नको. आधी सोबतीने जा, वेळ सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरा, आणि नाराजी त्याच संध्याकाळी बोलून टाका.

मदत मागायची वेळ आली तर?

शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधा. मिनिटात सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मिनिटात तीन वेळा उत्तर आलं तर कुणीतरी ऐकलंय. रात्री हेडटॉर्चनेही तसंच करता येतं. वस्तीपासून तुटलेल्या वाटेवर ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण घ्यावं. बीकन आधी आपल्या नावावर नोंदवावा लागतो. काही देशांत उपग्रह उपकरण परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, म्हणून प्रवासाआधी तिथला नियम वाचा.

उपकरणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे घरी ठेवलेला कागद. त्यावर वाट, रोजचे मुक्काम, बाहेर पडायच्या वाटा, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर या क्रमांकावर कळवा’ ही ओळ. वेळ ठरवताना एक दिवस जास्त धरा, पण ठरलेली वेळ पाळा.

शौच आणि कचरा?

पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. टिश्यू पेपर आणि फळांच्या सालींसकट सगळा कचरा परत आणायचा. थंड, उंच जागी साली वर्षानुवर्षं कुजत नाहीत. अस्वलांच्या प्रदेशात अन्नच काय, टूथपेस्टही तंबूत ठेवायची नाही.

परत कधी फिरायचं, हे तिथे कसं ठरवू?

तिथे ठरवू नका. थकलेल्या, भिजलेल्या, शिखराजवळ आलेल्या माणसाचं मन पुढेच ओढतं. घरी, नकाशा समोर घेऊन, कागदावर लिहा : दुपारी एकपर्यंत खिंड गाठली नाही तर माघारी. चौथ्या दिवसाअखेर अमुक मुक्काम आला नाही तर पूर्वेकडच्या खोऱ्यातून बाहेर. कुणाचे हात थरथरतायत, बोलणं जड झालंय, तर चालणं बंद, तंबू उभारा, कोरडे कपडे आणि गरम पेय. अंगाचं तापमान पस्तीसच्या खाली गेलं की माणसाला स्वतःची थंडी कळेनाशी होते, म्हणून सोबत्याने सांगितलं की ऐकायचं, हेही आधीच कबूल करा. मी दोनदा माघारी फिरलेय. एकदा नदीमुळे, एकदा सोबतीच्या तापामुळे. दोन्ही वाटा पुढच्या हंगामात पुऱ्या केल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी काय करू?

नखं कापा. तंबूचे खांब मोजा. स्टोव्ह एकदा पेटवून बघा. सॅक भरून अर्धा तास फिरून या, कुठे टोचतंय ते कळेल. हवामानाचा ताजा अंदाज बघा, आणि घरी ठेवायचा तो वाटेचा कागद ज्याच्याकडे द्यायचा त्याच्या हातात द्या आणि त्याने समोर वाचेपर्यंत थांबा.